डावी बाजू डॉक्टरांची

जहाजाची उजवी बाजू कुणी घ्यायची यावर दोन व्याह्यांची अख्खी सकाळ गेली, आणि तीही भांडणात नव्हे, आग्रहात.

"उजवी तुम्ही घ्या, डॉक्टर. तुम्ही पाहुणे."

"छे छे! घर तुमचं, टेबल तुमचं. उजवी तुमचीच."

"असं कसं? मान तुमचा."

"मला डावी बरी पडते हो, साहेब. माझ्याकडे अक्कलदाढा बहुतेक डावीकडच्याच यायच्या."

ही सबब खरी नव्हती, पण सभ्य होती, म्हणून ती मान्य झाली. डावी बाजू डॉक्टरांची ठरली आणि उजवी मोजणीसाहेबांची. टेबलावर जहाज म्हणजे तूर्त नुसता सांगाडा होता. एक लांब लाकडी कणा, त्याला आडव्या जोडलेल्या फासळ्या, आणि बाजूला खोक्यात पातळ पट्ट्यांच्या जुड्या, डोलकाठ्या, दोऱ्यांची रिळं आणि नखाएवढ्या तोफा. खोक्यावरच्या चित्रात मात्र तेच जहाज तिन्ही डोलकाठ्यांवर शिडं फुगवून, तोफा रोखून, कुणाच्या तरी अंगावर चाल करून निघालं होतं.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, मुलीचे वडील. मोजणीसाहेब हे मुलाचे वडील. त्यांची सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेली होती. दोन सख्ख्या भावांच्या मधोमध उभं राहून "हद्दीचा दगड इथे नाही, तिथे पाहिजे" असं सांगायचं आणि दोघांच्याही शिव्या खायच्या, हे त्यांनी निवृत्त होईपर्यंत इमानाने केलं. नोकरी संपली, पण खात्यातलं नाव चिकटून राहिलं. शेजारीपाजारीही त्यांना मोजणीसाहेबच म्हणत.

डॉक्टर गुडघ्याच्या ऑपरेशननंतर लेकीकडे आले होते. त्यांचं स्वतःचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत होतं. बायको गेल्यापासून त्या घरात ते आणि भिंतीवरचं घड्याळ एवढे दोघेच बोलत. लेकीला वाटत होतं की बाबांनी आता इथेच राहावं. डॉक्टरांना वाटत होतं की मुलीच्या सासरी माणसाने रुमालासारखं यावं आणि रुमालासारखं जावं. शेवटी लेकीने हे खोकं आणलं आणि बाबांकडून एक शब्द घेतला.

"हे जहाज पुरं होईपर्यंत राहायचं. मध्ये उठून जायचं नाही."

"पुरं झालं की मात्र मी निघालो," डॉक्टर म्हणाले. "मग अडवायचं नाही." शब्दाचा माणूस होता. दुखणार नाही म्हणाले की दुखायचं नाही, आणि दुखणार असेल तर आधी सांगायचे.

या सगळ्यात मोजणीसाहेबांना काय वाटतं, हे कुणी विचारलं नव्हतं. त्यांना डॉक्टर जायला नको होते. मनापासून नको होते. मुलगा आणि सून कामाला गेली की घरात बोलायला बायको होती, पण ती बोलायची, ऐकायची नाही. डॉक्टरांना ऐकायची सवय नसली तरी समोरच्याचं तोंड उघडं बघण्याची होती, आणि मोजणीसाहेबांना तेवढं पुरत होतं. अडचण एकच होती. "राहा हो अजून थोडे दिवस" हे वाक्य व्याही म्हणून त्यांनी डॉक्टरांना सहा वर्षांत इतक्या वेळा ऐकवलं होतं की आता ते खरं झालं तरी ओळखू आलं नसतं.

शिवाय दोघांमध्ये एक स्टेज होतं.

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये पाऊल टाकताक्षणी मोजणीसाहेबांनी डोळा बारीक केला होता आणि चारचौघांत म्हटलं होतं, "स्टेज दोन बोटं कललंय." वधूपित्याचा चेहरा पडला. त्यानंतर डॉक्टर दिवसभर कुणाला दिसले नाहीत. बैठकीच्या खोलीत लावलेल्या लग्नाच्या मोठ्या फोटोत सगळे आहेत, अगदी हॉलचा वॉचमनसुद्धा आहे, पण नवरीचा बाप नाही. ते रुसले, असं सगळ्यांनी ठरवलं. त्यातली खरी नामुष्की मात्र फक्त मोजणीसाहेबांनाच माहीत होती. संध्याकाळी त्यांनी पुन्हा एकदा डोळा बारीक केला, तर स्टेज अगदी सरळ! आयुष्यात पहिल्यांदा त्यांची मोजणी चुकली होती, आणि तीही व्याह्याच्या दारात. तेव्हापासून त्यांनी दोन गोष्टी सोडल्या. एक म्हणजे व्याह्याला खरं सांगणं, आणि दुसरी म्हणजे स्वतःच्या डोळ्यावर विश्वास ठेवणं.

खोक्यात चादरीएवढा एक माहितीचा कागद होता.

"तुम्ही वाचलंच असेल," डॉक्टर म्हणाले.

"हो, म्हणजे तुम्हीही नजर टाकली असेलच," मोजणीसाहेब म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली आणि कागद घडी घालून खोक्याच्या तळाशी ठेवला. त्यावर सगळ्यात वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की पट्ट्या बसवताना एक डावीकडे लावली की लगेच एक उजवीकडे लावावी, आळीपाळीने. नाहीतर वाळताना लाकूड एका अंगाला ओढ घेतं आणि जहाज वाकडं होतं.

एकमेकांच्या कामात लुडबुड नको म्हणून दोघांनी वेळाही वाटून घेतल्या. सकाळी मोजणीसाहेब फिरायला गेले की डॉक्टर बसायचे. दुपारी डॉक्टर आडवे झाले की मोजणीसाहेब. डॉक्टरांचा हात झपाट्याचा. पेशंट घाबरून पळायच्या आत काम उरकायची सवय हातात मुरलेली. पट्टी ओली करायची, वाकवायची, गोंद लावायचा, चिमट्याने धरायची, की पुढची. पहिला आठवडा संपायच्या आत डावी बाजू जवळजवळ भरली. मोजणीसाहेबांनी तोवर उजवीकडे एक पट्टी लावली होती, आणि तीही मनाजोगी बसली नाही म्हणून काढायच्या विचारात होते.

एका दुपारी त्यांनी सवयीने जहाजाच्या टोकापासून सुकाणूपर्यंत दोरा ताणून धरला. मध्यावर दोरा आणि कणा यांत बोटभर अंतर. जहाज डावीकडे वळलं होतं, हाक मारल्यावर माणूस मान वळवतो तसं.

त्यांनी दोरा पुन्हा धरला, पुन्हा बोटभर. बायको पाणी द्यायला आली तेव्हा ते डोळे मिटून बसले होते.

"काय झालं?"

"काही नाही. जहाज बोटभर वाकडं झालंय बहुतेक."

"मग सांगा की डॉक्टरांना."

"काय सांगू? तुमची बाजू वाकडी म्हणून? मागे एकदा सांगितलं होतं. फोटोत बघ काय झालं ते."

"तुम्ही आणि तुमचं बोटभर!" असं म्हणून विहीणबाई गेल्या. घरात त्यांना सगळेजण विहीणबाई म्हणू लागले होते, कारण डॉक्टर दिवसभर तशी हाक मारत आणि ती ऐकायला छान वाटे.

मोजणीसाहेबांनी मूग गिळले आणि उपाय सुरू केला. किटलीची वाफ दिली, ओला टॉवेल गुंडाळला, आणि जहाजाच्या पोटाला दोरी बांधून तिचं दुसरं टोक उजवीकडून टेबलाखाली सोडलं. टोकाला वजन म्हणून बायकोची जुनी लोखंडी इस्त्री लावली. वरून टेबलक्लॉथ. डॉक्टरांना गुडघ्यामुळे वाकता येत नव्हतं, त्यामुळे तिकडून भीती नव्हती.

डॉक्टरांना वाकता येत नव्हतं, पण दिसत होतं. दुसऱ्या सकाळी त्यांनी जहाज समोरून पाहिलं आणि मनात म्हणाले, जबडा सरकलाय. कारणही त्यांनी मनातल्या मनात लावलं. उजवी बाजू रिकामी, मग डावी ओढणारच. साहेबांचा हात फार मंद. पण ज्याच्या घरात आपण बसतो, जेवतो, त्याला मंद कसं म्हणायचं? त्यांनी आपली जुनी पेटी उघडली आणि पोरांच्या वेड्यावाकड्या दातांना लावतात ती बारीक तार आतल्या फासळ्यांमधून ओवली. रोज सकाळी एक पीळ. लाकूड काय आणि दात काय, धीराने घेतलं की ऐकतं, असा त्यांचा अनुभव होता. ती तार मोजणीसाहेबांना दिसणं शक्य नव्हतं, कारण त्यांना लांबचा डोंगर अचूक दिसायचा, ताटातला खडा नाही. आणि टेबलाखाली गेलेली दोरी डॉक्टरांना दिसली होती, पण तो साहेबांचा ओळंबा असेल असं समजून त्यांनी आदराने तिला हात लावला नाही.

दोन उपाय एकाच दिशेने चालले, म्हणून जहाज सरळ झालं आणि थांबलं नाही. ते उजवीकडे वळलं. मग मोजणीसाहेबांनी इस्त्री डावीकडे सोडली, डॉक्टरांनी तार उलटी ओवली, आणि जहाज पुन्हा डावीकडे. असं ते खोलीच्या दोन्ही भिंतींकडे आळीपाळीने बघू लागलं. दुपारच्या चहाला मात्र समुद्र शांत असायचा.

"जहाज काय म्हणतंय, डॉक्टर?"

"उत्तम! तुमची ती एक पट्टी म्हणजे नमुना आहे, साहेब."

"तुमच्या वेगाला तोड नाही."

"कसलं काय, तुमच्यासारखी नजर हवी."

नजर म्हटल्यावर मोजणीसाहेब घाईने बिस्किटांची बशी पुढे करायचे.

मग एके दिवशी दोघांची चुकामूक झाली. मोजणीसाहेबांनी इस्त्री उजवीकडे बांधली आणि डॉक्टरांनी तार डावीकडे पिळली. जहाज सुतासारखं सरळ उभं राहिलं. दोघांचाही जीव भांड्यात पडला. आपल्यामुळेच हे झालं आणि व्याह्याला पत्ताही लागला नाही, या समाधानात मोजणीसाहेबांनी उजवी बाजू झपाझप भरून टाकली. डॉक्टरांनी शीळ घातली. जहाज तसंच उभं होतं, आतून तार डावीकडे ओढत होती, बाहेरून इस्त्री उजवीकडे, आणि वर सगळं गोड.

विहीणबाई इतके दिवस इस्त्री शोधत होत्या. जुनी असली तरी तिच्याशिवाय साडी बसत नाही असं त्यांचं मत होतं. त्या सकाळी त्यांना बाहेर जायचं होतं. कपाटं झाली, माळा झाला. शेवटी केर काढताना त्यांनी टेबलक्लॉथ वर उचलला.

"अगंबाई! तू इथे लटकलीस होय?" असं म्हणून त्यांनी कात्री घेतली आणि दोरी कापली.

तोफा अजून बसवायच्या होत्या, पण जहाजाने बार काढला. तार सुटली, पट्ट्या तडातड उखडून उडाल्या. एक पंख्याला लागली, एक पडद्यात रुतली, आणि एक चहा घेऊन दारात आलेल्या डॉक्टरांच्या कपाचा कान घेऊन गेली. कप खाली, कान बशीत. फिरायला गेलेले मोजणीसाहेब मागून बुटांसकट धावत आत आले. खोलीच्या मधोमध विहीणबाई इस्त्री उगारून उभ्या होत्या.

"मी फक्त माझी इस्त्री घेतली," त्या म्हणाल्या.

पुरुषांचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. डॉक्टर त्या कापलेल्या दोरीकडे बघत होते. मोजणीसाहेब, चष्मा लावून, बाहेर लोंबणाऱ्या तारेकडे.

"चूक माझीच," मोजणीसाहेब म्हणाले. "मीच गुपचूप वजन लावलं."

"छे, माझीच. मी तार लावायला नको होती."

"नाही नाही, मी आधी सांगायला हवं होतं."

"तुम्ही कशाला सांगाल? दोष माझ्या वेगाचा."

"तसं नाही म्हणत मी."

"पण मनात तेच आहे ना?"

"मनात आहे! तुमची बाजू वाकडी होती!" मोजणीसाहेबांचा आवाज चढला. सहा वर्षांत तो पहिल्यांदाच चढला होता, त्यामुळे त्यांनाही तो ओळखू आला नाही.

"मग तोंड शिवलं होतं का? आणि वाकडी का झाली? तुम्ही एक पट्टी आठवडाभर कुरवाळत बसलात म्हणून!"

"अहो, तो कागद वाचायचा होता!"

"तुम्ही वाचलाय म्हणालात!"

"तुम्ही वाचला असेल म्हणून म्हणालो!"

"खरं बोलायला काय धाड भरली होती?"

"एकदा बोललो होतो!" मोजणीसाहेबांनी बैठकीतल्या फोटोकडे बोट दाखवलं. "स्टेज कललंय म्हणालो, तर स्वतःच्या लेकीच्या फोटोतसुद्धा आला नाहीत तुम्ही!"

"येणार कसा?" डॉक्टर ओरडले. "कललं होतंच ते! पुढून खचलं होतं. तुम्ही म्हणालात तेव्हा मी मागे जाऊन बघितलं. स्टेजवाला पैसे घेऊन पसार झालेला. लोक यायला लागले होते. एक फळी मागे बाहेर आलेली होती, तिच्यावर बसलं की पुढचं टोक वर यायचं. मग बसलो तिच्यावर, पडद्यामागे. शेवटचा पाहुणा जाईपर्यंत बसलो. मुलीचा बाप होतो हो मी! उठलो असतो तर नवरानवरी तुमच्या पहिल्या रांगेत आली असती!"

विहीणबाईंनी इस्त्री हळूच खाली ठेवली.

"म्हणजे," मोजणीसाहेब खुर्ची चाचपत बसले, "ते कललं होतं?"

"दोन बोटं."

"दोन बोटं," मोजणीसाहेब पुटपुटले. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत. "संध्याकाळी सरळ दिसलं मला. सहा वर्षं मला वाटतंय, माझी नजर गेली."

"तुमची नजर कुठेही गेलेली नाही. मी बसलो होतो खाली," डॉक्टर म्हणाले, आणि रागारागानेच बशीतला कपाचा कान उचलून त्यांच्यासमोर धरला. "याला गोंद आहे का?"

संध्याकाळी लेक कामावरून आली तेव्हा सासूने दारातच सगळं सांगितलं. भांडण झालं हे ऐकून तिचा चेहरा उतरला. बाबा बॅग भरत असणार म्हणून ती मागच्या खोलीत धावली, तर तिथे दोघंजण टेबलावर चादरीएवढा कागद पसरून त्यावर झुकले होते, आणि आळीपाळीने म्हणजे नक्की कुणी आधी, यावर हमरीतुमरीवर आले होते.

जहाज नव्याने सुरू झालं. आता वेळा वाटून घेता येईनात. डॉक्टरांनी डावीकडे एक पट्टी लावली की मोजणीसाहेबांनी उजवीकडे एक लावायची, आणि ती लागेपर्यंत डॉक्टरांनी हात बांधून बसायचं. डॉक्टर बसायचे, पण गप्प नाही.

"लावताय का मुहूर्त बघताय?"

"तुम्ही दातही असेच घाईत चुकीचे उपटले असणार."

"एकच. आणि तो माणूस अजून कार्ड पाठवतो."

घर दिवसभर दणाणायचं. शेजारच्या बाईंनी विहीणबाईंना हळूच विचारलं, तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना. विहीणबाई म्हणाल्या, आत्ता कुठे ठीक झालंय.

हिवाळा सरला, डॉक्टरांचा गुडघा जिना चढू लागला, आणि जहाजही चढत गेलं. पट्ट्या संपल्या, डोलकाठ्या उभ्या राहिल्या, शिडं लागली. बारीक दोऱ्यांच्या गाठी दोघांनाही जमेनात तेव्हा त्या लेकीने मारून दिल्या. प्रत्येक गाठीबरोबर तिचा हात जरा सावकाश होत गेला. शेवटच्या रविवारी डॉक्टरांनी चिमट्याने शेवटची तोफ बसवली, गोंद वाळेपर्यंत फुंकर घातली, आणि चिमटा पेटीत ठेवला.

जहाज देखणं झालं होतं. लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. डॉक्टर आत गेले आणि बॅग घेऊन आले. शब्दाचा माणूस.

"चला, साहेब. झालं पुरं."

मोजणीसाहेब खुर्चीतून हलले नाहीत. राहा म्हणायचं त्यांच्या जिभेवर आलं होतं, पण ते वाक्य झिजून गुळगुळीत झालेलं, त्यांना माहीत होतं. त्यांनी खिशातून दोरा काढला. जहाजाच्या टोकापासून सुकाणूपर्यंत ताणला. एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिले. दोरा कण्याच्या बरोबर मध्यावरून गेला होता, केसभरही इकडेतिकडे नाही. भावाभावांच्या शिव्या खाऊनही दगड कधी हलवला नव्हता त्या माणसाने.

"कललंय," मोजणीसाहेब म्हणाले.

"कुठे कललंय?" विहीणबाई पुढे झाल्या. "मला तर चांगलं सरळ..."

"थांबा, विहीणबाई," डॉक्टर म्हणाले. "मोजणी त्यांची आहे."

त्यांनी बॅग खाली ठेवली. गुडघ्यावर हात टेकून ते वाकले, आणि समोरून, ज्या नजरेने त्यांनी हजारो जबडे पाहिले होते त्या नजरेने, जहाजाकडे पाहिलं. मग दोऱ्याकडे. मग दोरा धरलेल्या बोटांकडे. ती दोरा सोडायला तयार नव्हती.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोन बोटं."

"तेवढं आहेच," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे सगळं उपटावं लागणार."

"मुळापासून."

लेकीने पटकन पाठ फिरवली आणि बॅग उचलून आत नेली. विहीणबाईंनी इस्त्री घेतली आणि आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. डॉक्टरांनी खुर्ची ओढली, पण नेहमीच्या जागी नाही. टेबलाला वळसा घालून ते मोजणीसाहेबांच्या बाजूला आले.

"सरका," ते म्हणाले. "या खेपेला उजवी माझी."